चौदावी ओळ, सहावी केळ

“ही केळ आपल्या बागेतली नाहीच,” डॉ. कोबुसिंगे म्हणाल्या आणि हातातला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

नांतेगेबाई काचेच्या पेटीसमोर बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत घालून ती एका बाटलीतल्या पेशी दुसऱ्या बाटलीत ओतत होती. तिने मान वर केली नाही.

“चार बाटल्या राहिल्यात, डॉक्टर. तेवढ्या होऊ द्या.”

“मी काय म्हणाले ते ऐकलंत का?”

“ऐकलं. पण यांना ऐकू येत नाही ना. उघड्या पडल्यात बिचाऱ्या.”

मी बूट काढून दारात उभा होतो. गाडीच्या वहीवर डॉक्टरांची सही घ्यायला आलो होतो, पण ते वाक्य ऐकलं आणि वही काखेतच राहिली. ती केळ कुठली, हे केंद्रात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक नांतेगेबाई आणि दुसरा मी, सेरुंजोगी, या केंद्रात चोवीस वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर. माझ्याच गाडीतून ती आली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी खाल्लं काहीच नव्हतं, तरी खवखवायला लागलं.

केंद्र म्हणजे आमचं केळी संशोधन केंद्र. कंपालापासून दीड तासावर, टेकडीवर. नांतेगेबाई इथे एकतीस वर्षं पेशी सांभाळत होती. हुद्दा साधा, प्रयोगशाळा सहायक. डॉक्टर येतात, पेपर लिहितात, परदेशी जातात. बाई तिथेच बसलेली असते. केळफुलाच्या आत नखाएवढी कोवळी फुलं असतात, ती ताटलीत लावायची. शंभरातली चार-पाच जगतात. त्यांतून पिवळसर रवाळ पेशी सुटतात, आणि मग दर पंधरा दिवसांनी त्यांना नव्या बाटलीत, नव्या खाण्यावर हलवायचं. चुकलं की मेल्या. नाताळ असो, घरात मयत असो, बाईचे पंधरा दिवस चुकले नाहीत. दुसरीकडे अशा पेशी तीन वर्षांत आळसावतात म्हणे, त्यांतून रोप निघत नाही. हिच्या नऊ वर्षांच्या पेशी अजून पोरीबाळींसारख्या होत्या.

डॉक्टर त्या पेशींचं काय करतात, तेही मला तिनेच सांगितलं. कँटीनमध्ये बसून माझ्या गणवेशाची फाटलेली बाही शिवत होती. म्हणाली, “पेशीच्या पोटात एक लांबलचक दोरा असतो, डीएनए. त्यावर सगळं लिहिलेलं असतं. डॉक्टर आत एक बारीक कात्री सोडतात. ती दोरा एकाच जागी कापते. मग पेशी काय करते? माझ्यासारखंच. फाटलेलं तसंच ठेवायची तिला सवय नाही. हाताला येईल त्या टाक्याने शिवून मोकळी होते, आणि घाईत एखाद-दुसरं अक्षर गळतं. ते गळावं म्हणूनच सगळा खटाटोप. त्याच जागेवरून मर रोग आत शिरतो. जागा बिघडली की दार बंद.”

“म्हणजे चूक करवून घ्यायची,” मी म्हणालो.

“चूक नव्हे. घाईची शिवण.”

पेटीतला निळा दिवा चालू असताना कोणी हात घातला, तर मात्र ती कोणाचीही भीड ठेवत नसे. त्या उजेडाने जंतूंचा दोरा तुटतो आणि ते मरतात, पण आपल्या कातडीतलाही तुटतो. “शिवणारे आहेत तुझ्या आत,” ती ओरडायची, “पण त्यांना फुकटचं काम कशाला लावतोस?” डॉक्टरांच्या आधी होते त्या जुन्या साहेबांनाही तिने असं एकदा झापलं होतं.

तर त्या दिवशी तिने उरलेल्या चारही बाटल्या ओतल्या, तोंडं ज्योतीवरून फिरवली, झाकणं लावली, तारखा लिहिल्या. बाटल्या हलत्या यंत्रावर ठेवल्या, हात धुतले आणि मग डॉक्टरांसमोर उभी राहिली.

डॉक्टर चाळिशीच्या, देशाच्या पश्चिमेकडच्या. येऊन चार वर्षं झाली होती. कडक, पण मनात एक आणि ओठांवर एक अशी बाई नव्हे. त्यांनी कागद उलटा केला.

“आपल्या शिजवून खायच्या सगळ्या मातोके केळी एकाच आईच्या लेकी, हे तुम्हाला माहीत आहे. शेकडो वर्षं पिलांवरून पिलं लावत आलो. पण प्रत्येक बागेत ऊन वेगळं, कीड वेगळी. कुठे दोरा तुटला, पेशीने शिवला, एखादा टाका वेगळा पडला, आणि तो पुढच्या पिलांत राहिला. म्हणून जात एकच, नाकितेंबे, तरी दोन बागांत थोडा फरक असतो. तुमच्या नोंदीत लिहिलंय, चौदावी ओळ, सहावी केळ. त्या बेटाचं पान आणि या पेशींतून आलेल्या रोपाचं पान, दोन्ही तपासली. पाच जागी फरक आहे.”

“कात्रीमुळे नाही?”

“कात्रीची जागा सोडून पाच. बाई, गुरुवारी समिती बसणार आहे. पाच जिल्ह्यांत लावायची परवानगी मागतोय आपण. मूळ केळ कुठली, हे सांगता आलं नाही तर ते एक वाक्य लिहितील. चारशे रोपं आणि या सगळ्या बाटल्या खड्ड्यात, वर चुना. नऊ वर्षं. तुम्हाला आठवत असेल तर सांगा. आठवत नसेल तर तसं सांगा.”

 आठवत नाही म्हण, असं मी मनातल्या मनात तिला सांगत होतो. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायची होती. नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ कोणालाही आठवली नसती.

“आठवतं,” ती म्हणाली. “माझ्या आईच्या बागेतली आहे. नंबर मी खोटा टाकला.”

---

नऊ वर्षांपूर्वी मर आमच्या केंद्रातच शिरली होती. रोग बरा करायचा त्या घरातच रोगी. फुलावर आलेली केळ दिसली की पाडायची, असं चाललं होतं. जुने साहेब म्हणाले, या हंगामात केळफूल मिळालं नाही तर प्रकल्प गुंडाळला. चौदा-सहा ही शेवटची चांगली केळ होती. शुक्रवारी तिचंही पान पिवळं पडलं आणि ती पाडली, बुडाशी पिलं तेवढी राहिली.

शनिवारी मी बाईला तिच्या गावी सोडायला गेलो. जाजा, म्हणजे तिची आई, घरामागच्या बेटाशी उभी राहून बेचक्याच्या काठीने केळफूल मोडत होती. घड धरला की खालचं केळफूल मोडून टाकायचं, कारण माश्या त्यावर बसून मर आणतात. आणि कोयता लावायचा नाही, कारण कोयताही मर आणतो. हे गावोगाव सांगत फिरणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर मीच. जाजाने केळफूल पिरगाळून तोडलं आणि पाचोळ्यात टाकलं. बाईने ते उचललं आणि टोपलीत घातलं.

“भाजी करणार का त्याची?” मी विचारलं.

“तू गाडी चालव,” ती म्हणाली.

ते बेट कसलं, हे मला वाटेत कळलं. आमच्याकडे मूल एकटं जन्मत नाही. मागून वार येते ती त्याचं जुळं. ती केळीच्या बुंध्याशी पुरतात, आणि मग ती केळ त्या मुलाची. तिचं फळ घरच्यांनी खायचं. परक्याने खाल्लं तर जुळं त्याच्या मागून निघून जातं, आणि जुळं गेलं की मूल त्याच्या शोधात जातं. हल्ली मुलं दवाखान्यात होतात, वार कुठे जाते कोण विचारतो. पण आमच्या पिढीची बेटं अजून आहेत, आणि जाजासारखी माणसं ती राखतात. नांतेगेबाईच्या बेटाची राखण आधी तिच्या वडिलांच्या आईकडे होती. मरताना सासूने ती सुनेला सोपवली.

सोमवारी नोंदवहीत दोनच रकाने होते, ओळ आणि केळ. बाहेरून काही आणलं तर वेगळा अर्ज, त्यावर मालकाची सही किंवा अंगठा. जाजा अंगठा देणार नव्हती, हे विचारायचीही गरज नव्हती. चौदा-सहाची ओळ वहीत रिकामी होती. बाईने ती भरली. म्हणाली, यातून काही निघायचं नाही, गेली तीन वर्षं कशातूनच निघालं नाही. आणि त्याच केळफुलातून निघालं. एकदा निघालं म्हटल्यावर, सांगायचा दिवस रोज उद्यावर गेला. नाकासमोर चालणारी बाई, आयुष्यात एकच खोटं लिहिलं, आणि तेही नेमकं नऊ वर्षं टिकलं.

---

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावी गेलो. डॉक्टर म्हणाल्या, पान माझ्या हाताने घ्यायला हवं, आणि अर्जावर मालकाचा अंगठा हवा, मागची तारीख न घालता, खरी.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्वी केळी असायच्या. आता मका आणि रताळी. त्या वस्तीत गेल्या दोन वर्षांत बारशालाही मक्याचा गोळा वाढायची पाळी आली होती. कोणी जेवायला बोलावलं आणि ताटात मक्याचा गोळा आला, की यजमानीण मान खाली घालते.

जाजा चौऱ्याऐंशीची. सोप्यात चटईवर बसून दाणे निवडत होती. नांतेगेबाईने गुडघे टेकून नमस्कार केला. डॉक्टर पँटमध्ये होत्या, तरी त्यांनीही गुडघे टेकले.

“ही कोण?” जाजाने मला विचारलं. “गुडघ्यावर बसली ते चांगलं केलं, पण हिच्या शिवणीतून आवाज आला.”

“आमच्या डॉक्टर, जाजा.”

“सुई टोचणाऱ्या?”

“केळीच्या.”

“मग इतक्या उशिरा का आल्या? शेजारच्या सेमाकुलाची बाग गेली, नाबवामीची गेली. आता डॉक्टर आल्या, पेशंट मातीत गेल्यावर.” तिने पाहुण्यांना चघळायला ठेवलेल्या कॉफीच्या बियांची करंडी पुढे सरकवली. “घे, चघळ. बारीक आहेस. नवरा खातो का सगळं?”

“नवरा नाही, जाजा,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग तर खायला पाहिजेस.”

डॉक्टर हसल्या. मीही हसलो. नांतेगेबाई हसली नाही. ती अजून गुडघ्यांवरच होती.

“आई, मला एक सांगायचंय,” ती म्हणाली, आणि तिने सांगितलं. केळफूल, टोपली, बाटल्या, खोटा नंबर. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. जाजाचे दाणे निवडणारे हात थांबले.

“माझ्या समोरून नेलंस?”

“तू फेकलं होतंस.”

“मी पाचोळ्यात फेकलं होतं. त्याच मातीत. तू रस्त्याने नेलंस.” जाजाचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “मला विचारायचं होतंस.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते. नाही म्हणायचा मान माझा होता. तुझ्या आजीने माझा हात धरून सांगितलं होतं, हे बेट तुझ्याकडे. पन्नास वर्षं मी त्याच्याजवळ परकी बकरी येऊ दिली नाही. आणि चोर निघाला तो घरातला.”

नांतेगेबाईने खाली बघितलं. साठीला आलेली बाई, पण त्या वेळी ती शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरीसारखी दिसत होती. माझा जीव तुटला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर जाजाने माझ्याकडे असं बघितलं की ते आपोआप मिटलं.

“कोणी खाल्लं?” जाजाने डॉक्टरांना विचारलं.

“काय, जाजा?”

“फळ. बाटलीतून रोपं झाली, रोपांना घड आले असतील. कोणी खाल्ले?”

“कोणीच नाही. खायची परवानगीच नाही. कायदा आहे.”

“नीट सांग.”

“रोपांभोवती तारेचं कुंपण आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “दाराला कुलूप. रखवालदार आहे, दिवसरात्र. आत जाणाऱ्याची नोंद होते. घड आला की आम्ही मोजतो, वजन करतो, आणि मग खड्ड्यात पुरतो. एक फळ बाहेर जात नाही. मी स्वतः कधी चाखलं नाही.”

“शेळ्या?”

“शेळीसुद्धा नाही.”

“पानं?”

“तीही पुरतो.”

 जाजाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. ती हसत होती. तोंडात तीन दात, पण हसली ती पोटातून.

“म्हणजे सरकारने माझ्या सासूचं काम केलं,” ती म्हणाली. “नऊ वर्षं, कुंपण घालून, रखवालदार ठेवून. आणि त्यांना कोणी सांगितलंही नाही. नांतेगे, तुझी आजी ऐकत असेल तर तिची छाती फुगली असेल गं.”

मग डॉक्टरही हसल्या, आणि मी तर डोळे पुसेपर्यंत हसलो. समितीतले टायवाले साहेब जाजाच्या सासूच्या हाताखाली राखणीला आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना. पण जाजा आधी थांबली.

“आणि आता?”

डॉक्टर खोटं बोलल्या असत्या तर काम सोपं झालं असतं. त्या म्हणाल्या, “आता पाच जिल्ह्यांत लावायची. तिथे टिकली, तर पुढे लोकांना द्यायची. मग लोक खातील, जाजा. खाण्यासाठीच आहे ती. सगळे खातील, कोण घरचे आणि कोण परके हे आम्हाला थांबवता येणार नाही.”

“अंगठा नाही दिला तर?”

“तर सगळं खड्ड्यात जाईल. बाटल्यासुद्धा. जाजा, मी जबरदस्ती करायला आले नाही.”

“तशी दिसत नाहीस.” जाजाने दाण्यांचं सूप बाजूला ठेवलं. “पण अंगठा माझा मागताय, तेच चुकतंय. मी राखणदार. मालक मी नव्हे. ज्याचं जुळं त्याची केळ. परक्यांनी खाल्लं आणि जुळं निघून गेलं, तर त्याच्यामागे जायचं हिला आहे, मला नाही. हिला विचारा.”

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांनी बाईकडे बघितलं. मीही बघितलं.

मी तिला चोवीस वर्षं ओळखतो. पेशी म्हणजे काय, दोरा कसा तुटतो आणि कसा सांधतो, हे तिने मला शिवणाच्या टाक्यांत समजावलं होतं. जुळं वगैरे ती मानत नसेल, असं मी धरून चाललो होतो. त्या क्षणी मला दिसलं की ती मानते. सगळं नाही, पण जेवढं आईच्या दुधाबरोबर आत गेलं तेवढं राहिलंच होतं. तिने चटईची कड मुठीत धरली होती. तिला भीती वाटत होती. 

“सेमाकुलाच्या घरी परवा काय जेवले?” तिने आईला विचारलं.

“मक्याचा गोळा. नातीचं लग्न ठरलं, तरी मक्याचा गोळा.”

नांतेगेबाईने मान हलवली. “खाऊ देत,” ती म्हणाली.

“विचार करून बोल.”

“केला. खाऊ देत, आई. सगळ्यांनी खाऊ देत.”

 जाजाने हात पुढे करून लेकीच्या डोक्यावरून फिरवला, जसा लहान मुलाच्या फिरवतात तसा, आणि म्हणाली, “ऊठ आता. गुडघे गेले असतील.”

अर्ज डॉक्टरांनी सोप्यातच भरला. मालकाचं नाव, नांतेगे. नोंद करणाऱ्याचं नाव, नांतेगे. खाली एक रकाना होता, पूर्वीच्या नोंदीत चूक असल्यास कारण. डॉक्टर म्हणाल्या, इथे थोडं मोघम लिहिता येईल. बाईने पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि लिहिलं: ‘नंबर मी जाणूनबुजून खोटा टाकला.’ अक्षर नेहमीसारखंच, बाटल्यांवर तारीख टाकते तसं.

पान काढताना पुन्हा थोडी गंमत झाली. डॉक्टरांनी ब्लीचने पुसलेली कात्री काढली आणि जाजा आडवी आली. “लोखंड नाही.”

“पण ही धुतलीये, जाजा.”

“तूच सांगायला माणसं पाठवतेस ना गाडीतून, लोखंड लावू नका म्हणून? हाच तो भोंगेवाला.” तिने मला बोटाने दाखवलं. “मग तुझा नियम तुला नाही का?”

डॉक्टरांनी कात्री पिशवीत टाकली. जाजाने स्वतः मधल्या पोंग्याचा टवका नखांनी तोडून त्यांच्या हातावर ठेवला. बेट निरोगी होतं. पाच बुंधे, खाली पाचोळा जाड, एकही पान पिवळं नव्हतं. आसपासच्या बागा गेल्या आणि हे राहिलं, याचं श्रेय जाजा सासूला देते. डॉक्टर काठीला देतात. मी दोघींनाही हो म्हणतो.

मग जेवण. पानांत वाफवलेली केळी कुस्करून, वर दाण्याची आमटी. डॉक्टरांनी दोनदा घेतलं. केळी या बेटाची आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही आणि जाजाने सांगितलं नाही. मीही दोनदा घेतलं.

---

पानं जुळली. पाचही जागा जशाच्या तशा. समितीने परवानगी दिली, आणि दुसऱ्या कागदावर नांतेगेबाईला पत्र दिलं. नोंद खोटी केल्याबद्दल निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेत प्रवेश बंद, काम भांडारात. डॉक्टर तिच्यासाठी भांडल्या, असं मी ऐकलं. बाई स्वतः भांडली नाही. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणाली. “मी त्यांच्या जागी असते तर मीही बंद केलं असतं. वहीवर विश्वास नाही तर मग कशावर?” ती चिडलेली नव्हती. उलट नऊ वर्षांत प्रथमच नीट झोप लागते म्हणाली, आणि भांडारातल्या चमच्यांपासून बुरशी लागलेल्या दोऱ्यांपर्यंत सगळं तिने आठवड्यात लावून टाकलं.

फक्त पंधरा दिवस भरले, तेव्हा प्रश्न आला. बाटल्या बदलायच्या कोणी? एकतीस वर्षं ते काम दुसऱ्या कोणाला करावंच लागलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, मी करते.

प्रयोगशाळेच्या भिंतीला वऱ्हांड्याच्या बाजूने मोठी काच आहे, पाहुण्यांना दाखवायला. काचेबाहेर उभं राहायला पत्रात बंदी नव्हती. नांतेगेबाई भांडारातून येऊन तिथे उभी राहिली. मी गाडी धुवायची सोडून तिच्या शेजारी.

आत डॉक्टर पेटीसमोर बसल्या. पहिली बाटली त्यांनी घाईत कलती केली. बाईने काचेवर टकटक केलं आणि हात आडवा धरून दाखवला, हळू. डॉक्टरांनी हात सैल केला. बाईने तर्जनी वर केली, तळाचा गाळ येऊ देऊ नका. डॉक्टरांनी बाटली सरळ केली, थांबल्या, पुन्हा कलती केली. एवढ्या शिकलेल्या बाई, कपाळाला घाम आलेला. दर बाटलीनंतर त्या मान वर करून काचेकडे बघायच्या. बाईने मान हलवली की पुढची.

“डॉक्टरीण झालीस की,” मी म्हणालो.

“गप्प बस. मोजत्येय मी.”

बारा बाटल्या होत्या. सहावीपर्यंत डॉक्टर दरवेळी बघत होत्या, मग एकाआड एक. नववीला झाकण लावायच्या आधी ज्योत विसरल्या. बाईने टकटक करायला हात उचलला, तोवर त्यांना स्वतःलाच आठवलं. दहावी, अकरावी नीट गेल्या. बाराव्या बाटलीच्या वेळी डॉक्टरांनी वर बघितलंच नाही. हात स्थिर होते. पेशी एका धारेत नव्या बाटलीत उतरल्या, झाकण बसलं, तारीख पडली. मग त्या पाठ करून बाटल्या यंत्रावर ठेवायला लागल्या.

नांतेगेबाई अजून थोडा वेळ तशीच उभी होती, बघतील म्हणून.

“आलं त्यांना,” ती म्हणाली, आणि भांडाराची किल्ली खिशात चाचपू लागली.